सांभाळू नको गो

एकच काय ते मागायचं होतं.

मज्जाविकार केंद्राच्या त्या पांढऱ्याधोप खोलीत डॉक्टर शाल्मली नाडकर्णींनी प्रश्न विचारला आणि हर्षाली धुरीच्या आधी तिच्या नवऱ्यानं, संदेशनं, उत्तर देऊन टाकलं.

"चालणं. दुसरं काय मागणार, डॉक्टर?"

सासूबाईंनी मान डोलावली. हर्षालीच्या गुडघ्यावर हात ठेवून बसलेल्या धाकट्या जावेनं, रेवतीनं, तो गुडघा हळूच दाबला.

"त्यांना बोलू द्या," डॉक्टर म्हणाल्या.

हर्षालीनं आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं. पाहुणा येऊन बसावा आणि घरच्यांशी अवाक्षर बोलू नये, तसा तो पाय गेलं वर्षभर तिच्या देहाला जोडून होता.

"माका फुगडी व्हयी," ती म्हणाली.

आपण काहीतरी चुकीचं ऐकलं असं संदेशला वाटलं. सासूबाईंना तसं काही वाटलं नाही. सुनेचा स्वभाव त्यांना ठाऊक होता.

कोनाळवाडीच्या पावणाई फुगडी मंडळाची हर्षाली म्होरकी. चवथीला गणपती घरात आला की साऱ्या तालुक्यात फुगड्यांचे फड लागतात. बाया हातात हात अडकवतात, पावलाला पाऊल भिडवतात, मागे झुकतात आणि अशा फिरतात की बघणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दोन बाया उरतच नाहीत, नुसतं लुगड्याचं एक चक्र उरतं. त्या चक्राच्या आत हर्षाली सोळाव्या वर्षी शिरली होती, ती अजून बाहेर आली नव्हती. रेवती लग्न होऊन घरात आली, तेव्हापासून त्या दोघींची जोडी. रेवती मालवणची मुलगी, हाडापेरानं दणकट. दोघी फिरू लागल्या की मांडवाचे खांब फिरतात, असं म्हातारे म्हणत.

आणि मग गेल्या वर्षी तिनं एकदा मान खाली घातली. हनुवटी छातीला टेकली, तोच पाठीच्या कण्यातून वीज उतरली ती थेट टाचेपर्यंत. पुढे मान वाकवली की दर वेळी तेच. कढत पाण्यानं न्हाऊन आली की उजव्या डोळ्यापुढे धुकं दाटे, अंग निवलं की ओसरे. डाव्या पावलाला मुंग्या आल्या त्या परत गेल्याच नाहीत. सासूबाईंनी मीठमिरच्या उतरवल्या. मंडळाच्या गाणाऱ्या सुगंधाकाकींनी "वायु सरलो असतलो" असं निदान करून ओव्याचा काढा पाजला. संदेशनं जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणल्या.

उपकेंद्रातल्या नर्सनं मात्र तिला यंत्रासमोर बसवलं. डोळ्याच्या मागच्या पडद्यात नसांचा एक पातळ थर असतो. मेंदूचा तेवढाच भाग असा, की जो बाहेरून खिडकीतून पाहावा तसा पाहता येतो. यंत्रानं त्या थराची जाडी मोजली आणि त्याच दुपारी तिला पुढे पाठवलं. पूर्वी हा आजार ओळखता ओळखता माणसांची उमेदीची वर्षं निघून जात. आता चुलीवरचा भात व्हायच्या आत त्याचं नाव कळे. मेंदूचं चित्र काढलं, तर त्यात पांढरे ठिपके. सकाळी अंगणात पारिजात सांडलेला असावा, तसे.

डॉक्टरांनी तिला सगळं समजावून सांगितलं होतं. नस म्हणजे तार. तारेवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण असतं, गुंडाळ्या-गुंडाळ्यांचं. मध्ये मध्ये फटी. मेंदूचा निरोप एका फटीवरून दुसऱ्या फटीवर उड्या मारत जातो, ओढ्यातल्या दगडांवरून पोर पळावं तसा. पण शरीराचे राखणदार कधी कधी चुकतात. घरच्याच माणसाला चोर समजतात आणि ते आवरण कुरतडून टाकतात. दगड वाहून गेले की निरोपाला पाण्यातून चालत जावं लागतं. पोचतो, पण उशिरा. किंवा मध्येच बुडतो.

राखणदारांना आवरणारी औषधं जुनीच होती. वर्षातून दोनदा शिरेतून दिली की नवी पडझड थांबे. पडलेलं मात्र पडलेलंच राही. नवीन होतं ते हे: मेंदूत काही पेशी जन्मभर झोपून असतात. आवरण गुंडाळण्याची कला त्यांच्या बोटांत असते, पण त्यांना कोणी उठवत नाही. आता त्यांना उठवणारं औषध निघालं होतं. ते एका ऋतूपुरतं काम करी. भाताची लावणी झाली की सुरू करावं, तर चवथीच्या सुमारास त्या पेशी पुन्हा झोपत, आणि एकदा झोपल्या की परत उठत नसत.

"उठलेली पेशी कान देऊन ऐकते," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "ज्या तारेत वर्दळ असेल, तिलाच ती गुंडाळते. गप्प तारेकडे ढुंकून बघत नाही. पेशी थोड्या, तारा पुष्कळ. म्हणून एक काहीतरी निवडायचं आणि ऋतुभर तेच करायचं. सगळं थोडं थोडं केलंत, तर काहीच धड होणार नाही."

माणसं काय काय निवडत होती! रत्नागिरीच्या एका कारकुनानं सही निवडली होती. एका बाईनं तान्ह्याला कडेवर घेणं. कणकवलीच्या एका निवृत्त मास्तरांनी पत्ते पिसणं निवडलं, आणि त्यांची बायको त्यांच्याशी अजून बोलत नव्हती.

"फुगडीची आमच्याकडे काहीच माहिती नाही," डॉक्टर आता स्पष्टच म्हणाल्या. "चालण्याचं यंत्र आहे, त्याचे निकाल आहेत. फुगडीत तुम्ही पडाल. जमेल की नाही हे मला खरंच सांगता येत नाही."

"चालान मी खंय जातलंय, डॉक्टर? मांडवातच ना?" हर्षाली म्हणाली. "मगे मधलो रस्तो कित्याक शिकू?"

परतताना संदेश टेम्पो चालवत होता. मासळीच्या पेट्या वाहणारा तो टेम्पो, आज रिकामा, उगाच खडखडत होता. वाटेत संदेश म्हणाला, "मी फाटफटी, काळोखातच, बंदरार जातंय. तुका न्हाणीत कोण नेतलो? ह्याचो इचार केलंस?"

तिनं केला होता. "ता मी बघतलंय," ती म्हणाली. कसं, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

*

सातेरी देवीच्या देवळाच्या सभामंडपात सराव सुरू झाला. हर्षालीच्या पोटरीवर आणि मनगटावर डॉक्टरांनी पट्टे बांधले होते. निरोप डोक्यातून निघून पावलाला पोचायला किती उशीर होतो, ते त्यांत उमटे आणि सरावाच्या चित्रणासोबत आपोआप केंद्रात जाई. सुगंधाकाकींनी पहिल्याच दिवशी त्यावर गाणं जुळवलं:

*डॉक्टरीणबायन पायाक बांधलो पट्टो,*
*पाय इचारता बायक, खयचो गो रस्तो?*

बाया हसून लोळल्या. हर्षालीही हसली. मग रेवतीनं हात पुढे केले, तिनं ते धरले आणि दोघी फिरू लागल्या. किती हलकं वाटलं! मंडप फिरला, देवीची समई फिरली. डोळ्यांत पाणी आलं ते वाऱ्यानं, असं तिनं सगळ्यांना सांगितलं.

रोज दोन वेळा, सकाळी आणि दिवेलागणीच्या आधी. घरीसुद्धा कोणी तिला काही करू देत नव्हतं, सगळी ताकद फुगडीला हवी म्हणून. ती उठू लागली की सासूबाई म्हणत, "रवांदे गो, तू बस." कपाचा कान तिच्या उजव्या हाताकडे वळवून चहा समोर येई. संदेश बंदरावर जाण्याआधी तिला उचलून न्हाणीपर्यंत नेई आणि परत आणून ठेवी. इतकी माया तिनं जन्मात पाहिली नव्हती.

श्रावण लागला, निम्मा सरला. मंडपात फुगडी सुरेख होत होती. बघणारे म्हणत, पोरगी बरी झाली.

मग डॉक्टरांचं बोलावणं आलं.

भिंतीवर आलेख होता. पहिल्या दिवशीची रेघ आणि कालची रेघ. दोन्हींत काडीचाही फरक नव्हता.

"औषध लागू पडलंय," डॉक्टर म्हणाल्या. "पेशी जाग्या आहेत. डाव्या हाताची ढिली झालेली पकड सुधारली आहे. पण डावा पाय जिथे होता तिथेच आहे. मी मंडपातलं चित्रण पुन्हा पुन्हा पाहिलं. तुमची जाऊ फार चांगली आहे हो, हर्षालीताई."

"होय तर."

"तीच अडचण आहे."

सोबत आलेल्या रेवतीनं हर्षालीच्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला.

डॉक्टरांनी चित्रण हळू करून दाखवलं. गिरकीत डावं पाऊल टेकायची वेळ आली, की रेवती मागे जरा जास्त झुके आणि हर्षालीला वर उचलून घेई. डावं पाऊल जमिनीला लागतच नव्हतं, ते नुसतं हवेतून फिरून येत होतं. आणि नेमक्या त्याच क्षणी सुगंधाकाकी ओळीचं शेवटचं अक्षर किंचित लांबवत होत्या. तिचा पाय येईपर्यंत सगळा कोरस तिच्यासाठी थांबून राही. कोणी ठरवून केलं नव्हतं. कोकणात बायका एकमेकींना सांभाळून घेतात, ते असं. कोणाला शिकवावं लागत नाही.

"पेशी कान देऊन बसल्यात," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "पण त्या तारेत आवाजच नाही. तुमच्या पायाचं काम दुसरंच कोणीतरी करतंय. घरीही असंच चालतं का?"

"न्हाणीत मीच उचलून नेतो," संदेश म्हणाला.

"चवथीपर्यंत पेशी जाग्या राहतील. चालण्याच्या यंत्रावर अजूनही जाता येईल. धड नाही, पण काठी घेऊन बऱ्यापैकी चालाल, एवढं मी खात्रीनं सांगते. उद्यापासून यायचं असेल, तर आज ठरवा. त्यानंतर उशीर होईल."

"जातलीच ती," संदेश म्हणाला. "हर्षू, आता तरी आयक."

हर्षाली त्या चित्रणातल्या हवेत तरंगणाऱ्या पावलाकडे बघत होती. तिला राग आला होता, असा की कानशिलं तापली. वर्षभर ती आजारावर रागावली होती, तो राग कुठे पोचत नव्हता. हा पोचण्यासारखा होता.

"माजो पाय अजून फुगडी खेळाकच नाय," ती म्हणाली. "न खेळताच हरलो म्हणान कसा सांगू? नाय. बदलूचा नाय."

*

दुसऱ्या दिवशी मंडपात रेवतीनं हात पुढे केले आणि लगेच मागे घेतले.

"माका जमाचा नाय, वयनी. तू पडतलंस."

"पडांदे."

"फरशी हा ती."

"फरशीक माजी दया नाय, ह्याच बरा हा. धर हात. आणि काकी, तुमी थांबलात तर माजी शपथ."

दोघी फिरल्या. पण डावं पाऊल टेकायच्या क्षणी रेवतीचे खांदे आपोआप मागे गेले. पुन्हा फिरल्या, पुन्हा तेच. रेवतीच्या डोळ्यांतून धारा लागल्या. तिच्या हातांना ते न करता येईना, जसं आईला रडत्या पोरापासून हात मागे घेता येत नाही.

हर्षाली थांबली. दम खाल्ला. फुगडीत एक जुनी सोय असते. एरवी जे तोंडावर बोलता येत नाही, ते गाण्यातून बोलायचं. सासूला, नणंदेला, जावेच्या माहेराला. गाण्यातल्या बोलण्याचा राग घरी न्यायचा नसतो, तिथल्या तिथे गिरकीत काढायचा असतो. हर्षालीनं हात घट्ट धरले आणि आवाज चढवला:

*मालवणचा चेडू गो, केवढो हेचो तोरो,*
*हात लागता हाताक, जसो वाळलेलो दोरो!*

मालवणच्या पोरीची अशी कुचेष्टा ऐकून बायांत खसखस पिकली. रेवतीनं चमकून वर पाहिलं.

*मालवणच्या वाटेर गो, उपाशी सगळी माणसा,*
*फुगडीक धाडल्यानी चेडू, वाऱ्यार उडतत जशी कणसा!*

"वयनी, माज्या आवशीच्या गावाक बोलू नको हां."

"बोलतलंय. काय करतलंस? रडतलंस?"

रेवतीच्या नाकपुड्या फुलल्या. तिनं डोळे पुसले नाहीत, डोळेच वटारले, आणि पाऊल रोवून सूर लावला:

*उचलून उचलून वयनीक, दुखलो माजो खांदो,*
*आता फिर एकटी, बघया सुटता काय वांदो!*

आणि तिनं हिसका दिला. खराखुरा, मालवणचा. हर्षालीचं डावं पाऊल पहिल्यांदा फरशीवर आदळलं, पण उशिरा, वेडंवाकडं. घोटा वळला आणि ती धाडकन कोसळली.

कोणी पुढे झालं नाही. पुढे न होण्यासाठी बायांनी एकमेकींचे पदर धरून ठेवले होते. सुगंधाकाकींचा आवाज चिरकला, पण ताल सोडला नाही. टाळी चालू, ओळ चालू, शेवटचं अक्षर जिथल्या तिथे तुटत होतं. हर्षाली फरशीवर बसून ते ऐकत होती. मग तिनं उजवा हात टेकला, गुडघा घेतला, खांबाला धरून उभी राहिली. कोपर सोलवटलं होतं.

"आता कसा," ती रेवतीला म्हणाली, "मालवणचा चेडू दिसलास."

त्या दिवशी ती कितीदा पडली ते कोणी मोजलं नाही. घरी आल्यावर तिनं जाहीर केलं की "रवांदे गो, तू बस" हे शब्द आजपासून या घरात बंद. चहा तिनं स्वतः आणला. चुलीपासून ओटीपर्यंत येताना तो निम्मा जमिनीवर सांडला. संदेश दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता. उठू नये म्हणून. त्यानं उरलेला अर्धा कप घेतला, प्याला आणि म्हणाला, "साखर कमी पडली."

"घाल उठान," ती म्हणाली. तेव्हा तो वर्षभरात पहिल्यांदा मोकळा हसला.

काही दिवसांनी टाचेत आधी एक ठिणगी आली. मग कुठेतरी दूर कोणी हाक मारावी आणि आपण ओळखावी, तशी बोटं. आलेखाची रेघ हलली. डॉक्टरांचा फोन आला, त्यात त्या नेहमीचा संथपणा सोडून भरभर बोलल्या. पण त्यांनी खरं तेही सांगितलं. पेशी गिरकीच्या तारा गुंडाळत होत्या, चालण्याच्या नव्हे. पायाला वळण परत मिळेल, सरळ रस्ता बहुधा नाही. आता यंत्रावर जायला वेळही उरलेला नाही.

"माका ठावक हा," हर्षाली म्हणाली. "इचार करून घेतललंय मी."

आणि न्हाणीचं उत्तर तिला आपोआप सापडलं. सरळ चालायला गेली की डावा पाय अजूनही फरफटे. पण भिंतीला हात लावून, तोंडात ओळ धरून, अर्ध्या अर्ध्या गिरकीनं ती गेली, की पाय बिनचूक पडे. वाडीतली पोरं हसली. तिनं त्यांनाही दोन ओळी सुनावल्या. संदेश पहाटे बंदरावर निघे, तेव्हा मागून न्हाणीच्या वाटेवर गाणं ऐकू येई आणि तो टेम्पो जरा उशिरा सुरू करी, आवाज बुडू नये म्हणून.

*

चवथीनंतरच्या रविवारी तालुक्याच्या मैदानात स्पर्धा होती. पेशी झोपून गेल्या होत्या. जे गुंडाळलं गेलं, तेवढंच आता तिचं.

पावणाई मंडळाचं नाव पुकारलं गेलं आणि हर्षाली काठी टेकत, डावा पाय ओढत मंचाकडे निघाली. मैदानात चुळबूळ झाली. निवेदक मुलगा भला होता. तो माईक बाजूला धरून म्हणाला, "ताई, तुम्ही बसून गाणार ना? खुर्ची मागवू?"

"तुज्या आजयेक दी ती," सुगंधाकाकी म्हणाल्या. माईक पुरेसा बाजूला नव्हता. सगळं मैदान हसलं.

मंचाच्या मध्यावर हर्षालीनं काठी संदेशच्या हातात दिली. क्षणभर ती एका पायावर कलून उभी राहिली, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीसारखी. समोर बसलेल्या डॉक्टर नाडकर्णी खुर्चीत पुढे सरकल्या. रेवतीनं हात पुढे केले. हात अडकले, पावलं भिडली.

*वडाच्या पारंबेक बांधलो झोपाळो,*
*बायच्या माज्या पायांत वारो गो भरलो...*

पहिला फेरा सावकाश. दुसऱ्यात पदर सुटले. तिसऱ्यात काकींनी लय चढवली, कोणासाठीही न थांबता, आणि डावं पाऊल त्या लयीत पडलं, उचललं, पडलं. जणू त्याला कधी काही झालंच नव्हतं. आता लंगडणारी बाई मैदानात कुठे दिसेना. चक्र होतं नुसतं, हिरवं आणि जांभळं. ओळ जिथे तुटे, पाऊल तिथेच पडे. शेजारच्या वाडीच्या बाया, ज्या स्पर्धेत विरुद्ध होत्या, त्याही उठून टाळी धरू लागल्या. सासूबाई खुर्चीवर उभ्या राहिल्या होत्या आणि कोणालाही, कोणी विचारलं नसताना, सांगत होत्या, "माजी सून ती. जांभळ्या लुगड्यातली. माजी."

लय आणखी चढली. रेवतीची मान मागे गेली, ओठ कोरडे पडले.

"वयनी," ती पुटपुटली, "पुरे गो."

"काय म्हणतंस? आयकाक येणा नाय."

"घेरी येता माका! सोड गो वयनी, पडतंय मी!"

हर्षालीनं आणखी एक फेरा घेतला. मग हात सोडले.

रेवती मंचावर मटकन बसली, दोन्ही हातांनी डोकं धरून, हसत आणि रडत. मैदान अजून तिच्याभोवती फिरत असावं. हर्षाली उभी होती. छाती भात्यासारखी चालली होती, केस सुटले होते, कपाळावरचं कुंकू भुवईपर्यंत ओघळलं होतं. तिनं मैदानावरून नजर फिरवली. पहिल्या रांगेपासून पार शेवटच्या आंब्यापर्यंत. मग दोन्ही हात पुढे केले, फुगडीसाठी एकावर एक तिरपे धरून.

"दुसरी कोण येता?"